दहा मिलिमीटर

भिलाईत डोंगर नाही. समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर उंचीवर, पश्चिमेला शिवनाथ आणि पूर्वेला खारून अशा दोन नद्यांच्या मधल्या सपाट जमिनीवर हे शहर वसलं आहे. पॅराग्लायडर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कामशेतचा टॉवर हिल येतो, पाचगणीचं टेबललँड येतं, फार तर हिमाचलातलं बीर-बिलिंग येतं. भिलाईचं नाव कुणी घेत नाही. या पुस्तकातलं उंच कामगिरीच्या विंगांवरचं प्रकरण मात्र मी मुद्दाम इथूनच सुरू करतो आहे, कारण या विंगांना डोंगरापेक्षा हवा जास्त लागते, आणि ती हवा छत्तीसगडच्या या मैदानावर भरपूर आहे.

पॅराग्लायडिंगमधली सर्वांत लांबची उड्डाणं पाहा. डिसेंबर 2008मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या कॉपरटनहून नेव्हिल हुलेट 502 किलोमीटर उडाला. 2021मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये, हेब्रॉनव्हिलहून निघालेल्या उड्डाणाने सहाशे किलोमीटरची हद्द ओलांडली. दोन्ही ठिकाणं सपाट, रखरखीत आणि उन्हाने भाजलेली. दोन्हीकडे वैमानिक डोंगरावरून धावत सुटले नाहीत, विंचच्या दोराने त्यांना वर ओढलं गेलं. फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत भिलाईभोवती हिंडलेल्या माणसाला ही वर्णनं अनोळखी वाटू नयेत. धान कापून झालेलं असतं, बांध्या कोरड्या पडलेल्या असतात, नंदिनीच्या चुनखडीच्या खाणी पांढऱ्या तापलेल्या असतात, आणि पोलाद कारखान्याच्या छपरांवरून उठलेली हवा घारींना गोल फिरवत वर नेत असते.

ही उठणारी हवा म्हणजे थर्मल. कोरडी हवा वर जाताना दर शंभर मीटरला सुमारे एक अंशाने थंड होत जाते, आणि एका उंचीवर तिच्यातल्या बाष्पाचा ढग होतो. ती उंची काढायचा एक सोपा हिशेब आहे. जमिनीवरचं तापमान आणि दवबिंदू यांच्यात जितक्या अंशांचा फरक, त्याला 125ने गुणलं की ढगाचा तळ साधारण तितके मीटर उंच. जानेवारीत तापमान 28 आणि दवबिंदू 12 धरला तर दोन हजार मीटर. एप्रिलमध्ये तापमान 40 आणि दवबिंदू तोच 12 धरला तर साडेतीन हजार. थर्मल जितका उंच तितका सहसा जोरदार, आणि त्याच्या कडेची हवा तितकीच खवळलेली. लांब उडायला हाच काळ चांगला असतो, आणि विंग मिटण्याचे प्रसंगही याच काळात जास्त येतात.

उन्हाळ्याच्या हवेबद्दल आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण डोंगरावर शिकलेला वैमानिक मैदानात आला की त्या विसरतो. एक म्हणजे तापलेली हवा विरळ असते. 42 अंशांत, तीनशे मीटर उंचीवर, हवेची घनता प्रमाणित हवेपेक्षा जवळजवळ बारा टक्क्यांनी कमी भरते. जी विंग हिवाळ्यात समुद्रकाठी ताशी 36 किलोमीटरने उडते, ती इथे त्याच ब्रेकवर 38च्या पुढे जाते. धावायचंही तितकंच जोरात आणि उतरायचंही तितकंच जोरात. दुसरी गोष्ट वावटळीची. शेतात धुळीचा खांब दिसला तर तो टाळता येतो. हिरवळीवर किंवा डांबरावर उठलेला भोवरा दिसतच नाही. टेक-ऑफच्या वेळी विंग जमिनीवर पसरलेली असताना तो आला तर माणसासकट उचलतो. अशा दुपारी विंगेला हुक अडकवून उभं राहू नये. विंग गोळा करून तिच्यावर बसावं.

आणि मग वळीव. एप्रिल-मेच्या दुपारी या भागात फुलकोबीसारखे ढग चढतात आणि तासाभरात त्यांचे वादळी ढग होतात. 14 फेब्रुवारी 2007 रोजी ऑस्ट्रेलियातल्या मॅनिला इथे जागतिक स्पर्धेच्या आधीच्या सराव काळात एव्हा विस्निएर्स्का ही जर्मन संघाची वैमानिक अशाच ढगात ओढली गेली. तिच्या उपकरणाने 9,946 मीटर उंची नोंदवली, म्हणजे एव्हरेस्टपेक्षा हजार मीटर वर. ती अर्ध्या तासाहून अधिक काळ बेशुद्ध होती, अंगावर बर्फ साचला होता, आणि तरी ती जिवंत उतरली. त्याच वादळात सापडलेला चिनी वैमानिक वाचला नाही. विस्निएर्स्का त्या काळातल्या अव्वल वैमानिकांपैकी होती. कौशल्याने वादळी ढगातून बाहेर पडता येतं असा समज कुणाचा असेल तर तो या एका घटनेने पुसला जावा. असा ढग क्षितिजावर चढताना दिसला की उतरायची वेळ झालेली असते, तो डोक्यावर येईपर्यंत थांबायचं नसतं.

आता विंगेकडे येऊ. युरोपीय मानकानुसार पॅराग्लायडरचे ए, बी, सी आणि डी असे चार वर्ग पडतात, आणि त्यांच्याही पलीकडे निव्वळ स्पर्धेसाठी सीसीसी हा वर्ग आहे. ए वर्गाची विंग शिकणाऱ्यासाठी. ती आखूड आणि रुंद असते, हजार मीटर उंचीवरून शांत हवेत आठ-नऊ किलोमीटर जाते, आणि मिटली तरी बहुधा स्वतःच उघडते. स्पर्धेची विंग लांब आणि अरुंद असते. तिच्या लांबीचं रुंदीशी प्रमाण ए वर्गात पाचच्या आसपास, तर इथे साडेसात-आठ. ती त्याच उंचीवरून अकरा किलोमीटरच्या आसपास जाते आणि पायाने दाबायचा स्पीड बार पूर्ण दाबला की ताशी साठच्या वर उडते. हा वेग मिळवण्यासाठी हवेचा अडथळा कमी करावा लागतो, आणि अडथळ्याचा एक मोठा वाटा दोऱ्यांचा असतो. म्हणून नव्या स्पर्धा-विंगांत दोऱ्यांच्या दोनच रांगा राहिल्या आहेत, आणि त्या दोऱ्याही उघड्या, वर आवरण नसलेल्या, वरच्या टोकाला एक मिलिमीटरहूनही बारीक असतात. आता सी वर्गातही दोन रांगांच्या विंगा येऊ लागल्या आहेत, त्यामुळे हा विषय केवळ स्पर्धकांपुरता उरलेला नाही.

दोन रांगांची विंग वेगात असताना ब्रेकने सांभाळायची नसते. ब्रेकने मागची कड वाकते, विंगेचा आकार बिघडतो आणि वेगात ती पुढून मिटण्याची शक्यता वाढते. तिथे मागच्या रायझरवर, म्हणजे दोऱ्या वैमानिकाच्या हार्नेसला जोडणाऱ्या पट्टीवर, हात ठेवून, संपूर्ण विंगेचा कोन बोटाबोटाने बदलत राहावं लागतं. हे जमलेल्या माणसाला ती विंग तीन रांगांच्या विंगेपेक्षा अधिक स्थिर वाटते, आणि ते खरंही आहे. ती कमी वेळा मिटते. पण जेव्हा मिटते तेव्हा लांब टोक दोऱ्यांत अडकतं, विंग फिरायला लागते, आणि निर्णय घ्यायला काही सेकंदच मिळतात. जुलै 2011मध्ये स्पेनमधल्या पिएद्राइता इथे झालेल्या जागतिक स्पर्धेत दोन वैमानिकांचा मृत्यू झाला आणि स्पर्धा मधेच थांबवावी लागली. प्रमाणपत्र नसलेल्या खुल्या वर्गाच्या विंगांवर आंतरराष्ट्रीय महासंघाने त्यानंतर बंदी आणली, आणि सीसीसी वर्ग त्यातूनच पुढे आला. प्रमाणपत्राची चाचणी शांत हवेत, व्यवसायाने हेच करणारा चाचणी-वैमानिक घेतो हेही लक्षात असू द्यावं. एप्रिलच्या दुपारी विंग कशी वागेल हे डी हे अक्षर सांगत नाही. वर्षाला शंभरेक तास ज्याचं उडणं होत नाही, त्याने डी वर्गाची विंग घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. बी वर्गाच्या वरच्या टोकाची विंग आज दहा वर्षांपूर्वीच्या डी वर्गाच्या जवळ जाणारी कामगिरी देते. तिच्यावर शंभर किलोमीटर करणारे वैमानिक पुष्कळ आहेत.

या प्रकरणाचा खरा विषय मात्र दोऱ्यांची लांबी हा आहे.

रायझरपासून विंगेपर्यंत साधारण सात मीटर अंतर असतं. पुढच्या रांगेवर वैमानिकाच्या वजनाचा मोठा वाटा येतो, मागच्या रांगेवर कमी. या दोऱ्या दोन जातीच्या असतात. डायनीमा ही पॉलिथिलीनची दोरी. ती वारंवार वाकवली तरी टिकते, पण ताण नसला की आणि उष्णता लागली की आकसते. अरामिड ही केव्हलारच्या कुळातली. तिची लांबी चांगली टिकते, पण पुन्हा पुन्हा वाकल्याने आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी तिची ताकद जाते. म्हणजे एक जात लांबी बदलते, दुसरी ताकद गमावते, आणि दोन्ही बाहेरून पाहिल्यावर पूर्वीसारख्याच दिसतात.

मागच्या दोऱ्यांवर ताण कमी, म्हणून त्या आकसतात. पुढच्यांवर ताण जास्त, म्हणून त्या थोड्या ताणल्या जातात. दोन रांगांत दीड मीटर अंतर धरलं आणि मागची बाजू वीस मिलिमीटरने खाली ओढली गेली, तर विंगेचा हवेशी असलेला कोन पाऊण अंशाने वाढतो. एवढ्याने काय होणार, असं वाटेल. विंग संथ होते. चढताना डोक्यावर उशिरा येते, ब्रेक सोडल्यावर वेग उशिरा पकडते आणि स्टॉलच्या, म्हणजे उडणं थांबून खाली कोसळण्याच्या, जवळ सरकते. हे एका दिवसात होत नाही. महिन्यामहिन्याने होत जातं, आणि उडणाऱ्याचा हात त्या संथपणाला सरावतो. वैमानिक म्हणतो, विंग हल्ली शांत झाली आहे. त्या शांतपणाचीच मला भीती वाटते. उलट प्रकारही घडतो. पुढच्या दोऱ्या आखूड झाल्या तर विंग वेगवान होते आणि पुढून मिटायला सोपी होते. कंपन्या साधारणपणे दहा मिलिमीटरपर्यंतचा फरक चालवून घेतात. सात मीटरमधले दहा मिलिमीटर डोळ्याने ओळखू येत नाहीत आणि हातालाही कळत नाहीत.

भिलाईच्या माणसाला हे पटवून द्यायला फार शब्द लागू नयेत. भारतीय रेल्वेचे रूळ या गावात तयार होतात, जोडून केलेल्या 260 मीटर लांबीच्या पट्ट्यांपर्यंत. रूळ गुळगुळीत दिसतो म्हणून कारखान्यातून बाहेर पडत नाही. त्याच्या आतला दोष श्राव्यातीत लहरींनी शोधला जातो, मगच तो पुढे जातो. विंगेचंही तसंच आहे. तिच्या प्रत्येक दोरीला पाच किलोचा ताण देऊन लेझरच्या मोजमापाने लांबी घेतात, ती कंपनीने दिलेल्या तक्त्याशी ताडतात, आणि फरक आढळला तर खाली मायलॉनवरचे, म्हणजे दोऱ्या रायझरला जोडणाऱ्या धातूच्या कड्यांवरचे, फास बदलून तो दुरुस्त करतात. डावी-उजवी बाजू एकमेकींशीही जुळावी लागते. ताकद तपासण्यासाठी जास्त भाराची एक दोरी काढून यंत्रावर तुटेपर्यंत ओढतात आणि तिच्या जागी नवी लावतात. तपासणी शंभर तास किंवा एक-दोन वर्षं, यांपैकी जे आधी होईल तेव्हा करावी असं बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकांत लिहिलेलं असतं. दोन रांगांच्या विंगेत मात्र नव्या दोऱ्या पहिल्या काही तासांतच बसतात, त्यामुळे तिचं पहिलं मोजमाप लवकर करावं. स्वतः घरी फास बदलून विंग वेगवान करण्याचे प्रयोग करणारे वैमानिक आहेत. तसं केलं की ती विंग प्रमाणपत्र मिळालेली विंग राहत नाही, आणि ती आता कशी वागेल हे तिच्या मालकालाही ठाऊक नसतं.

छत्तीसगडच्या उन्हाळ्यात सगळ्यात मोठा शत्रू आहे बंद गाडी. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आतलं तापमान साठ अंशांच्या पुढे जातं. डिकीत ठेवलेल्या पिशवीतल्या डायनीमाला त्या वेळी ताण नसतो आणि उष्णता मात्र भरपूर असते. आकसण्यासाठी याहून चांगली परिस्थिती नाही. पत्र्याच्या छपराखालची खोलीही तशीच. उतरल्यावर विंग उन्हात पसरून गप्पा मारत बसण्याची सवयही मोडावी. नायलॉनच्या कापडावरचा लेप उन्हाने मरतो. कापड किती हवा सोडतं हे मोजायचं एक साधं उपकरण असतं. ठरावीक हवा कापडातून जायला किती सेकंद लागतात हे ते दाखवतं. नव्या कापडाला मिनिटं लागतात. तो वेळ थोड्या सेकंदांवर आला की त्या विंगेचं आयुष्य संपलं, रंग कितीही ताजा दिसो.

धान कापल्यानंतरच्या शेतात उतरताना धसकटं आणि बांधावरच्या बाभळीचे काटे दोऱ्यांना धरतात. विंग ओढत नेऊ नये, उचलून न्यावी. घडी घालताना आत टोळ राहिला नाही ना ते पाहावं. अडकलेला टोळ कापड कुरतडतो. पुढच्या कडेत प्लास्टिकच्या काड्या असतात, त्या एकावर एक येतील अशीच घडी घालावी, नाहीतर त्या वाकतात आणि विंगेचं नाक बदलतं. साबण कधी लावू नये, साधं पाणी पुरे. पावसाळ्याचे चार महिने ती कोरड्या खोलीत, सैल घडीत ठेवावी, आणि सप्टेंबरअखेर पिशवी उघडल्यावर पहिलं काम दोऱ्या मोजण्याचं असावं.

मैदानातल्या उड्डाणाशी या सगळ्याचा थेट संबंध आहे. विंचवर हजार मीटर दोर असला तर चांगल्या वाऱ्यात तीनशे-चारशे मीटर उंची मिळते. दोर ओढत असताना विंगेचा कोन आधीच वाढलेला असतो. त्यात मागच्या दोऱ्या आकसलेल्या आणि कापड हवा सोडणारं, म्हणजे खोल स्टॉलची तयारीच झाली. विंग उघडी दिसते, पण पुढे जात नाही. सरळ खाली येऊ लागते. डोंगरावरून सहज उडणारी जुनी विंग विंचवर घात करते ती यामुळे. शिवाय विंग दोराच्या दिशेपासून बाजूला कलली तर ताण तिला आणखी कलवतो. अशा वेळी चालकाने ताण सोडायचा आणि वैमानिकाने दोर सोडायचा, हे दोघांनी जमिनीवर बोलून ठरवलेलं असावं. ठरावीक भाराला तुटणारी वीक लिंक, दोर कापायचा चाकू आणि अनुभवी चालक यांपैकी एकही नसेल तर दोर लावू नये. विंच शिकवणाऱ्याकडे शिकावी. गाडीला दोर बांधून मित्राने ओढायचा खेळ जीव घेतो.

रिझर्व्ह पॅराशूटबद्दल थोडक्यात. मानकानुसार कमाल भाराला त्याचा खाली येण्याचा वेग सेकंदाला साडेपाच मीटरपर्यंतच असावा लागतो, म्हणजे तुमचं सगळ्या सामानासह वजन त्याच्या मर्यादेत हवं. सहा महिने ते वर्षभरात ते उघडून, हवा देऊन पुन्हा घडी करावं. पॉड हार्नेस नवं घेतलं असेल तर टांगून घेऊन, एका हाताने ते प्रत्यक्ष बाहेर निघतं का ते पाहावं. अनेकदा घडी बरोबर असते आणि हँडलच हाताला लागत नाही. विंग मिटल्यावर काय करायचं याचं प्रशिक्षण पाण्यावर घेतात. आपल्याला जवळचं म्हणजे नेपाळात पोखराचं फेवा सरोवर. दोन रांगांची विंग घेणाऱ्याने ते टाळू नये.

भिलाईच्या आकाशातले अडथळे डोंगरातल्यांपेक्षा वेगळे आहेत. हावडा–नागपूर–मुंबई मार्गाच्या विद्युत तारांत 25,000 व्होल्ट असतात, आणि उद्योगांच्या या पट्ट्यात उच्च दाबाच्या वाहिन्या शेतांवरून जातात. वरून तारा दिसत नाहीत, खांब दिसतात. दोन खांब दिसले की मधे तार आहे असंच धरायचं. चाळीसेक किलोमीटर पूर्वेला रायपूरजवळच्या माना इथे स्वामी विवेकानंद विमानतळ आहे. त्याचं नियंत्रित हवाई क्षेत्र आणि त्यासाठी लागणाऱ्या परवानग्या तपासल्याशिवाय या भागात लांब पल्ल्याचं उड्डाण आखता येत नाही. नंदिनीची धावपट्टी रिकामी दिसली म्हणून तिथे विंग पसरणं हेही बेकायदा आणि धोक्याचं.

सपाट जमीन एका कामाला मात्र डोंगरापेक्षा सरस आहे. सकाळी सात-साडेसातला, वारा ताशी दहा-पंधरा किलोमीटरचा असताना, मोकळ्या मैदानात विंग डोक्यावर धरून चालायचा सराव करता येतो. पाय जमिनीवरच असतात, पण विंग पुढे झेपावते तेव्हा तिला कुठे थांबवायचं, एक बाजू मऊ पडते तेव्हा हाताला काय जाणवतं, हे सगळं तिथे शिकता येतं. कामशेतला चार दिवस येऊन उडून जाणाऱ्यापेक्षा गावच्या मैदानावर रोज तासभर विंग हाताळणारा वैमानिक अधिक भरवशाचा असतो.

ज्याला शिकायचं आहे त्याने दुर्गला आझाद हिंद एक्स्प्रेस पकडून पुणं गाठावं, तिथून लोणावळा लोकलने कामशेत. ऑक्टोबर ते मे हा तिथला हंगाम. आधी ए, मग बी, आणि पुढचा वर्ग प्रशिक्षक म्हणेल तेव्हाच. आणि ज्याच्याकडे उंच कामगिरीची विंग आधीच आहे, त्याने हे पान वाचून झाल्यावर तिची वही काढावी. दोऱ्या शेवटच्या कधी मोजल्या ती तारीख वहीत सापडली नाही, तर पुढच्या उड्डाणाआधी ती विंग तपासणीला पाठवावी.